चित्राशेजारी दंडाची पावती: जमिनीच्या हक्काचं प्रदर्शन गावात कसं भरवायचं

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यात एखाद्या वारली घरात बसून जमिनीचा विषय काढला, की थोड्या वेळाने कुणीतरी उठतं आणि आढ्याला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी खाली काढतं. पिशवीत एकसाली प्लॉटचे, म्हणजे एकेका वर्षाच्या बोलीवर कसायला दिलेल्या जंगलजमिनीचे, जुने कागद असतात, जंगलखात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या असतात, वनहक्काच्या दाव्याची पोच असते आणि कधी आजोबांच्या नावाचा घडीवर फाटलेला सातबाराही असतो. त्याच घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेली झाडं, मुंग्या, कोंबड्या आणि तारपा वाजवणारा माणूस असतो.

शहरातल्या गॅलरीत गेली ती भिंत. पिशवी आढ्यालाच राहिली. निसर्ग, जमीन आणि जखमा भरून येणं या विषयावर प्रदर्शन भरवायचं असेल, तर या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर आल्या पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. नुसती चित्रं लावली तर पाहणारा "किती सुंदर" म्हणून निघून जातो. नुसते कागद लावले तर ते प्रदर्शन राहत नाही, तहसील कचेरीचा फलक होतो.

हा लेख ग्रामसभा, संघटना, कलाशिक्षक आणि कलेचं शिक्षण घेणारी मुलं यांच्यासाठी आहे. उदाहरणं पालघर जिल्ह्यातली आहेत, कारण मला तोच भाग माहीत आहे.

पहिली पायरी: कुणाचं प्रदर्शन, हे आधी ठरवा

सुरुवात कलाकारापासून करू नका, पाड्यापासून करा. पालघरचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायद्यामुळे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे, पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. त्या सभेत विषय मांडा. काय दाखवायचं आहे, कोण पाहायला येणार, फोटो कुठे जाणार आणि विक्री झाली तर पैसे कुणाला मिळणार, हे सगळं तिथेच बोला. सभेने "नको" म्हटलं तर थांबा. "विचार करू" म्हटलं तर पुढच्या सभेची वाट बघा.

बायकांना वेगळं भेटाच. वारली चित्रकलेचं मूळ लग्नाच्या चौकात आहे, आणि तो चौक सवाशिणी काढत आल्या. तरी जमिनीच्या बैठकीत त्या मागे दाराजवळ बसलेल्या दिसतात. त्यांच्या घरी जा, चुलीपाशी बसा. पाणवठा कुठे होता, शेवळी आणि करांदे यांसारखा रानमेवा कुठे मिळायचा, कोणत्या वर्षी तारेचं कुंपण आलं, हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं.

वेळही नीट निवडा. आषाढात लावणी चालू असताना कुणाला बोलवू नका. भाताची झोडणी आटोपली की, म्हणजे मार्गशीर्षापासून पुढे, लोकांना सवड मिळते आणि भिंतीही कोरड्या असतात. फाल्गुनानंतर लग्नं सुरू होतात. उन्हाळ्यात अनेक घरं कामासाठी वसई, भिवंडीकडे गेलेली असतात. म्हणून पौष आणि माघ हे दोन महिने सर्वांत सोयीचे. आठवडा-बाजाराचा दिवस कोणता, तेही विचारून घ्या. उद्घाटन बाजाराच्या आदल्या दिवशी ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी आसपासच्या पाड्यांतली माणसं आपोआप येतात.

दुसरी पायरी: शिवारफेरी आणि अंगणातला नकाशा

म्हातारी माणसं, दोन-तीन बायका आणि शाळेतली मुलं असा गट घेऊन शिवारात फिरा. एका दिवसात उरकू नका. मी तीन सकाळी धरतो. प्रत्येक ओढा, टेकडी, वाघोबाचं ठाणं, जुनं स्मशान, मोडलेला बांध, पडकी विहीर यांची गावातली नावं लिहून घ्या. सरकारी नकाशावर गट नंबर असतो. गावाच्या तोंडी नाव असतं, आणि त्या नावात बहुधा एखादी हकीकत दडलेली असते.

फेरी झाली की अंगण सारवून त्यावर नकाशा काढा. ओढ्यासाठी राख, डोंगरासाठी गेरू, शेतासाठी भाताचे आणि नागलीचे दाणे, जंगलासाठी पाला वापरा, आणि हद्द तांदळाच्या पिठाने आखा. खडू मुलांच्या हाती देऊ नका, नाहीतर मोठी माणसं मागे सरतात. पीठ आजीच्या हातात द्या. "इथं नाही, अजून वर," असं म्हणत चार माणसं वाकली की नकाशा खरा होऊ लागला असं समजा. झाडून टाकण्याआधी शिडीवर चढून वरून फोटो घ्या. नंतर तोच नकाशा कापडावर उतरवायचा आहे.

या नकाशाचा उपयोग प्रदर्शनापुरता नाही. कसत असलेल्या जंगलजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा 2006 सालचा. त्याखालच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात सरकारी कागदांबरोबरच वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, घर, बांध, सपाटीकरण यांसारख्या जमिनीवरच्या खुणा, विहिरी, स्मशानभूमी आणि पवित्र जागाही येतात. उपग्रहाचं चित्र हे अशा पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारं नाही, असं 2012 च्या सुधारणेत स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून फेरीत म्हाताऱ्या माणसाने जे सांगितलं ते तारखेसह लिहा, त्याला वाचून दाखवा आणि सही किंवा अंगठा घ्या. हा कागद उद्या वनहक्क समितीच्या फाईलमध्ये लागू शकतो. कलेच्या निमित्ताने झालेलं काम दाव्याला उपयोगी पडताना मी पाहिलं आहे, आणि त्याचं समाधान कोणत्याही वाहवेपेक्षा मोठं असतं.

तिसरी पायरी: कागद गोळा करणं

मूळ कागद घराबाहेर नेऊ नका. हा नियम मोडायचा नाही. मोबाईलवर स्कॅन करा, त्याच ठिकाणी पिशवीत परत ठेवा आणि पिशवी पुन्हा आढ्याला अडकवलेली पाहूनच निघा. भिंतीवर फक्त प्रती लावायच्या.

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या डिजिटल सातबारा संकेतस्थळावरून 15 रुपयांत मिळतो. त्यावर आजचं नाव असतं, जमीन हातातून कशी गेली ते नसतं. ते फेरफाराच्या, म्हणजे मालकीबदलाच्या, नोंदीत सापडतं, म्हणून जुने फेरफार मिळवा. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, आणि माहिती द्यायला 30 दिवसांची मुदत असते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना फी नाही.

प्रत लावण्यापूर्वी आधार क्रमांक, मोबाईल आणि बँकेचा तपशील काळ्या पट्टीने झाका. नाव दाखवायचं की नाही, ते त्या घराने ठरवायचं. ज्या जमिनीचा वाद कोर्टात आहे किंवा दावा अपिलात आहे, तिथे वकिलाला विचारल्याशिवाय एकही कागद लावू नका. प्रदर्शनात चुकून लागलेल्या कागदाने केस बिघडली, तर ते पाप आपल्या माथी. औषधी वनस्पती नेमक्या कुठे उगवतात तेही नकाशावर दाखवू नका. त्या लुटणारे येतात.

चौथी पायरी: रंग जमिनीतूनच घ्या

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. बाजारातला ॲक्रिलिक आणायला हरकत काही नाही, पण या विषयाचं प्रदर्शन असेल तर प्रत्येक घराने आपल्या प्लॉटमधली ओंजळभर माती आणावी आणि तिचाच रंग व्हावा. एका पाड्याच्या मातीत किती छटा असतात ते पाहून गावातलीच माणसं चकित होतात. वरकसाची, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीची, तांबडी, ओढ्याकाठची काळपट, खणल्यावर लागणारी पिवळी, चुनखडीची पांढरी. प्रत्येक डब्यावर घराचं आणि जागेचं नाव लिहा.

माती सावलीत दोन दिवस वाळवा, कुटा आणि खडे काढा. बादलीत भरपूर पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाला वाळू राहते, ती टाकून द्या. गढूळ पाणी रात्रभर ठेवलं की सकाळी वर स्वच्छ पाणी आणि खाली लोण्यासारखा गाळ मिळतो. तो वाळवून मलमलच्या कापडातून चाळला की रंग तयार.

चिकटपणासाठी बाभळीचा डिंक घ्या. 50 ग्रॅम डिंक 200 मिलिलिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि गाळा. दोन चमचे मातीला एक चमचा डिंकाचं पाणी हे प्रमाण सुरुवातीला धरा, मग साधं पाणी घालून दाट ताकाइतकं पातळ करा. कोपऱ्यात एक पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट फिरवा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी आहे. तडे गेले तर थर जाड झाला किंवा डिंक जास्त झाला. हे दोन्ही झाल्याशिवाय हात बसत नाही, तेव्हा पहिल्या दिवशीचं काम फेकायचंच आहे असं धरून चाला.

पांढऱ्यासाठी तांदूळ रात्री भिजत घालून पाट्यावर वाटा आणि त्यात थोडं डिंकाचं पाणी घाला. दुसऱ्या दिवशी ते आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा. काडी बांबूची, टोक चावून किंवा ठेचून मऊ केलेली. कापड म्हणून मांजरपाट उत्तम. आधी धुऊन त्याची खळ काढा, ताणून बांधा आणि शेण-मातीचा किंवा गेरूचा हात द्या. जागा असेल तर कारवीच्या कुडाचे तट्टे बांधून सारवा. कुडावर रेघ जशी बसते तशी कापडावर बसत नाही.

ओली झाडं तोडू नका, आणि देवराईतली काडीही आणू नका.

पाचवी पायरी: काय काढायचं आणि काय काढायचं नाही

पालघट देवीचा चौक प्रदर्शनासाठी मांडायचा का, हा प्रश्न हमखास येतो. तो लग्नातला पूजेचा चौक आहे. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, सवाशिणी काढतात, त्याशिवाय लग्न लागत नाही. घरातल्या बायकांनी आणि भगताने होकार दिला तरच तो मांडा, नाहीतर त्याची जागा मोकळी ठेवा आणि शेजारी दोन ओळींत कारण लिहा. मोकळी जागा पाहणाऱ्याला बरंच शिकवते.

या चौकाशेजारी इतिहासाचा एक कागद लावावा असं मला फार वाटतं. स्वातंत्र्यापूर्वी या भागात लग्नगडी नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं, आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. फिटायचं कधी, ते सावकार ठरवणार. म्हणजे ज्या लग्नासाठी घराच्या भिंतीवर एवढा मंगल चौक उमटायचा, तेच लग्न दोन माणसांना गुलाम करून सोडायचं. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांना संघटित केलं. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड मारले गेले. तुमच्या गावात त्या दिवसांची ऐकीव आठवण सांगणारं कुणी असेल, तर तिचं चित्र त्याच्याच घरच्यांकडून काढून घ्या.

विषयांसाठी मुलांना "निसर्गाचं चित्र काढा" असं सांगू नका. सूर्य, डोंगर आणि दोन नारळाची झाडं येतात. प्रश्न विचारा. राब भाजताना, म्हणजे रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळताना, धूर कुठल्या बाजूला जातो? तुमच्या शेताची हद्द कोणत्या झाडापाशी संपते? जंगलखात्याची गाडी आली तेव्हा बैल कुठे होते? असं विचारलं की चित्रात जमीन उतरते.

अलीकडचं काही हवं असेल तर किसान सभेचा 2018 चा शेतकरी मोर्चा घ्या. 6 मार्चला नाशिकहून निघून 12 मार्चला आझाद मैदानावर पोचलेल्या त्या सुमारे 180 किलोमीटरच्या वाटचालीत आदिवासी शेतकऱ्यांची मोठी मागणी वनजमिनींच्या पट्ट्यांची, म्हणजे हक्काच्या कागदांची, होती. दहावीच्या मुलांना परीक्षेला त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले. मुंबईकर त्यांच्यासाठी पाणी आणि चपला घेऊन आले. फोड आलेली पावलं, पट्ट्याची मागणी आणि परक्या माणसाने दिलेली चप्पल: आपला सगळा विषय या तिन्हींत आहे. गावातून कुणी गेलं असेल तर त्याच्या पावलांची बाह्यरेषा त्याच्याच शेताच्या मातीने काढून घ्या.

सहावी पायरी: मांडणी

जागा शाळा, समाजमंदिर किंवा मोठं अंगण. एसीची गरज नाही, सावलीची आहे.

वाट अशी ठेवा की माणूस आधी जमिनीवरून चालेल. दारातच कापडावरचा मोठा नकाशा खाली अंथरा आणि त्याच्या कडेने मातीचे डबे ठेवा. पुढे चित्रं आणि कागद जोडीने लावा: मोहाच्या झाडाचं चित्र आणि त्याच झाडाखाली झालेल्या दंडाची पावती, नागलीच्या शेताचं चित्र आणि त्याच शेताचा मंजूर किंवा नामंजूर पट्टा. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा असतो. तसे पट्टे गावात असतील तर एका रांगेत लावा आणि त्यांच्यासमोर जुने सातबारे ठेवा. बायकांना कुणी काही समजावून सांगावं लागत नाही, त्या स्वतःच नावं शोधू लागतात.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर येऊ द्या. काही चित्रं मुद्दाम खाली, बसून पाहायला ठेवा, कारण म्हातारी माणसं बसूनच पाहतात. मजकूर मोठ्या अक्षरांत आणि थोडा. जे वाचत नाहीत त्यांच्यासाठी प्रत्येक भिंतीपाशी घरचंच एक माणूस उभं राहू दे. वारली बोलीत सांगितलेलं बोलीतच ऐकवा. पुस्तकी मराठीत बसवलं की ते आपलं वाटेनासं होतं.

चित्राखाली चित्रकाराचं पूर्ण नाव आणि पाडा लिहा. नुसतं "वारली कला" लिहू नका. जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, पण असंख्य बायकांचे हात निनावीच राहिले.

सातवी पायरी: मन मोकळं करायला एक कोपरा

दंडाची पावती भिंतीवर पाहून माणसं रडतात. धरणाखाली किंवा रस्त्याखाली गेलेल्या शेताचं चित्र पाहून एखादा गप्प होतो आणि तासभर हलत नाही. त्याची तयारी हवी. एका बाजूला चटया, पाण्याचा माठ आणि थोडा आडोसा करा. तिथे फोटो आणि मुलाखती बंद. गावातली दोन मायेची माणसं तिथे बसवा. त्यांनी उपदेश करायचा नाही, नुसतं सोबत बसायचं. त्याच कोपऱ्यात सुपात नागली, वरई, उडीद, तूर यांचं घरचं बियाणं ठेवा. हात दाण्यांत गेला की माणूस बोलू लागतो. कुणी फारच खचलेलं दिसलं, झोप किंवा जेवण तुटलं असेल, तर घरच्यांशी बोलून आरोग्य केंद्रात न्या. सरकारची 14416 ही मोफत टेलिमानस हेल्पलाईन आहे, तो क्रमांक तिथे मोठ्या आकड्यांत लावा.

एक सावधगिरी. ज्यांच्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही, त्यांच्यासमोर "आता जखम भरली" असं भाषण कुणाला करू देऊ नका. जमीन हातात नसताना मन बरं करून घ्या, असं सांगणं ही दुसरी जखम असते. या कोपऱ्याशेजारीच एक टेबल मांडा. वनहक्क समितीची माणसं, दाव्याचे कोरे नमुने आणि जमल्यास एक वकील तिथे असू दे. हात धरणारं माणूस आणि अर्ज भरणारं माणूस हाकेच्या अंतरावर हवीत.

आठवी पायरी: पैसे आणि हक्क

मोठा खर्च मंडपावर नको, माणसांवर करा. चित्र काढणाऱ्याला, हकीकत सांगणाऱ्याला आणि वाट दाखवणाऱ्याला त्या दिवसांची मजुरी द्या, कारण तो दिवस त्यांनी कामावरचा खाडा करून दिलेला असतो. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट लिहून दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो. तेव्हा कॅलेंडर, टी-शर्ट, पुस्तकाचं मुखपृष्ठ यांसाठी वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. हे सगळं मराठीत एका पानावर लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.

उद्घाटनाला पुढाऱ्याची वाट पाहू नका. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने आपल्या शेतातली माती नकाशावर ठेवली की प्रदर्शन सुरू झालं.

नववी पायरी: शहरात नेताना आणि आवरताना

गावात किमान आठवडाभर झाल्याशिवाय मुंबई-पुण्याला नेऊ नका. नेलंत तर चित्रकार आणि सांगणारी माणसं सोबत न्या. त्यांचा प्रवास, राहणं आणि जेवण आधी ठरवा. तिथे कागदांच्या प्रती पुन्हा एकदा घरोघर विचारून मगच लावा. गावाने गावात दाखवायला दिलेला होकार शहरालाही लागू होतो असं नाही.

आवरताना कापडी नकाशा आणि लिहून घेतलेले जबाब ग्रामसभेच्या ताब्यात द्या. कोण काय घेऊन गेलं त्याची नोंदवही करा. कुडाचे तट्टे शाळेला द्या, पावसात विरघळले तरी चालतील.

मातीचे डबे मात्र ज्याचे त्याला परत करायचे. लेबल वाचून, घरोघर जाऊन, पहिल्या पावसाच्या आधी. डब्यात रंगाची उरलेली माती असते, ती ज्या प्लॉटमधून आली तिथेच पडू दे. गेल्या खेपेला मी एक डबा विसरलो होतो. आठवड्याने त्या घरची आजी चालत शाळेपर्यंत आली आणि म्हणाली, "माझी माती राहिली तुमच्याकडं."